नव्या इंजिनाचे बारसे

पेणला लोक गणपती आणायला जातात. रोह्याला ज्याचे कंपनीत काम असते तो जातो. केवळ काही पाहण्यासाठी या दोन गावी गेलेला मनुष्य माझ्या ओळखीत नव्हता. यंदा हिवाळ्यात आम्ही गेलो. जे घडले ते, ज्यांनी ही गावे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी, लिहून ठेवीत आहे.

जाण्याचे कारण माझे नव्हते. माझ्या पत्नीचे, प्रमिलेचे होते. तिला रेल्वेच्या इंजिनांची आवड आहे. तिचे वडील मिरज स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले होते आणि तिचे बालपण रेल्वेच्या चाळीत गेले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर इतर बायका सकाळी बागेत फिरू लागल्या, ही फलाटावर फिरू लागली. तेथे तिला तिच्यासारखी माणसे भेटली. त्यांचे एक मंडळ आहे. सभासद गावोगावचे आहेत, बहुतेक तिच्या मुलीच्या वयाचे. नवे इंजिन रुळावर आले की ते ठरवून एका ठिकाणी जमतात, फोटो काढतात, भांडतात आणि जेवून घरी जातात. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मला इंजिनांत रस नाही. मी तिची पिशवी आणि घडीची खुर्ची उचलतो.

या मंडळाचा एक रिवाज सांगणे आवश्यक आहे. नव्या जातीचे इंजिन आले की त्याचे बारसे होते. कारखान्याने दिलेली अक्षरे आणि आकडे त्यांना पुरत नाहीत. नाव वयाने सर्वांत वडील सभासदाने ठेवायचे, आणि इंजिनाचा आवाज कानांनी ऐकून ठेवायचे. तोंडावळा रंगाऱ्याने दिलेला असतो, आवाज मात्र इंजिनाचा स्वतःचा असतो, असे त्यांचे म्हणणे. आजवरची सारी नावे प्रमिलेने ठेवली. एका जुन्या डिझेलला तिने 'ढोलकी' म्हटले. ते आता त्यांच्यात इतके रुळले आहे की खरा क्रमांक आठवावा लागतो. दुसरे एक 'भाऊसाहेब' आहे. ते सुटण्याआधी बराच वेळ घसा खाकरते.

या वेळचे इंजिन विजेचे होते, प्रवासी गाड्यांसाठी नव्याने काढलेले. ज्यांनी ते इतरत्र पाहिले होते ते सांगत की त्याची खरी मजा सुटताना असते. गाडी जागची हलते तेव्हा त्यातून एक बारीक सूर निघतो आणि पायरी पायरीने वर चढतो. त्या सुरासाठी सर्वजण कोकणात जमणार होते.

तो सूर प्रमिलेला ऐकू येणार नव्हता. हे मला ठाऊक होते आणि तिला ठाऊक होते. तिसऱ्या कोणाला नव्हते. दिवाळीनंतर आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. डावा कान जवळजवळ संपला होता. उजव्यातून जाड आवाज येत होते, बारीक गेले होते. गेलेले परत येणार नाहीत, असे डॉक्टरांनी तिच्यादेखत सांगितले. आम्ही यंत्र घेतले. ते लावले की ताटलीत चमचा ठेवला तरी पत्रा कोसळल्यासारखे होई, आणि इंजिनाचा आवाज, ती म्हणाली, डब्यात खडे हलवल्यासारखा येई. यंत्र डबीत गेले. मंडळात कोणाला सांगायचे नाही, असे तिने मला बजावले. मी बरे म्हणालो. तेव्हापासून मी तिच्या उजव्या बाजूला बसतो.

मग जायचेच कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, "आधी दिसू तरी दे. नावाचं बघू तिथं."

पेण

पेणच्या फलाटावर रुपेश म्हात्रे उभा होता. हा तिथलाच. खाडीकाठच्या गावात घर, वडील मिठागरावर होते, हा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवतो. "आलीस गो काकू? बरं झालं," असे म्हणून त्याने खुर्ची माझ्या हातातून काढून घेतली. मिरजेत मुलाच्या वयाच्या माणसाने प्रमिलेला एकेरी हाक मारली असती तर मी त्याच्याकडे नीट पाहिले असते. येथे आईलाही तू, काकूलाही तू आणि देवालाही तू. दुपारपर्यंत माझ्या कानांना ते खटकेनासे झाले.

त्याने आम्हाला कारखाना दाखवला. आमच्याकडे गणपती श्रावणात दुकानात येतो, भाद्रपदात जातो. येथे तो बारमाही असतो. लांबलचक पडवीत पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, सर्वांना हात, सोंड, कान, आणि डोळे एकालाही नाहीत. डोळ्यांच्या कामाला तेथे आखणी म्हणतात. ती शेवटी होते आणि ठराविक माणसेच करतात. रुपेश त्यांपैकी एक. आम्ही होतो तेवढ्यात त्याने एका मूर्तीचे डोळे आखले. हात एकदाही उचलला नाही. आखणी होईपर्यंत ती मूर्ती होती. झाल्यावर मी नकळत टोपी सारखी केली.

त्यामुळे रुपेश या मंडळात अल्पमतात असतो. नाव आवाजावरून नव्हे, तोंडावरून ठेवावे, असे तो प्रत्येक वेळी म्हणतो आणि प्रत्येक वेळी हरतो. नव्या इंजिनाचा फोटो त्याने पाहिला होता. दोन दिवे बारीक आणि नाकाजवळ आलेले आहेत, आखणी चुकली आहे, एवढेच त्याचे मत. माझ्या हाती आखायला दिलं असतं त हत्तीसारखं शांत दिसलं असतं, असे तो म्हणाला.

जेवण त्याच्या घरी झाले. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि भाजलेला पोह्याचा पापड. आमची ज्वारीची भाकरी मोडावी लागते, ही दुमडते. प्रमिलेने तीन खाल्ल्या. निघताना मी पापडांचे एक पुडके विकत घेतले.

तिसऱ्या प्रहरी आम्ही फलाटाच्या टोकाला जमलो. दहाबारा माणसे, कॅमेऱ्यांच्या तितक्याच तिकाट्या. त्यांत ठाण्याचे देसाई होते. बँकेतून निवृत्त, अविवाहित, डिझेलचे अभिमानी. या मार्गावर विजेच्या तारा आल्या तेव्हा त्यांनी दाढी वाढवली, असे लोक चेष्टेने म्हणतात. दाढी खरोखरच आहे. विजेच्या इंजिनासाठी कॅमेरा उघडणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. मग ठाण्याहून आलात कशाला, असे कोणी विचारले तर म्हणत, मयताला जावे लागते.

गाडी आली ती डिझेल लावून. कोठेतरी तारेचे काम निघाले होते आणि नवे इंजिन मागे राहिले होते. ज्यांनी रजा टाकल्या होत्या त्यांचे चेहरे पडले. देसाईंनी बॅग बाकावर आदळून कॅमेरा बाहेर काढला. बॅगेखाली माझे पापड होते.

ते डिझेल 'ढोलकी'च्या जातीचे निघाले. जवळ आले तसा फलाट थरथरला. प्रमिला खुर्चीतून उठली आणि उजवा हात डोक्यावर उंच धरला. हा भोंगा मागण्याचा त्यांचा संकेत आहे. चालकाने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढले, पांढरे केस पाहिले आणि भोंगा दिला. गाडी सुटेपर्यंत ती एका जागी उभी होती. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "हा येतो हो. सगळा येतो."

त्या दिवशी ती बरेच बोलली. रात्री लॉजवर पापडांचा चुरा तिने पिशवीत भरून घेतला. उद्या रोह्याजवळ वरसे गावी जेवण आहे, तिथे आमटीत घालू म्हणाली.

रोहा

दुसऱ्या दिवशी नवे इंजिन नक्की येणार अशी बातमी होती. सकाळी आम्ही रोह्याला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना भात कापलेली खाचरे आणि त्यांत उरलेल्या ओलीवर केलेला वाल. येथे पाणी न देता दुसरे पीक निघते. आमच्याकडच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

रोह्याला संदेश मोरे भेटला. हा शेजारच्या वरसे गावचा, कंपनीत कामाला, आमच्यासाठी शिफ्ट बदलून आलेला. रोहा या मंडळींना प्रिय आहे, कारण येथे एका रेल्वेची हद्द संपते आणि दुसरीची सुरू होते. पुढचे स्टेशन कोलाड, ते दुसऱ्यांचे. मला दोन्हीकडचे रूळ सारखेच दिसले. तसे मी बोललो नाही.

गाडी वेळेवर आली. वळणावरून प्रथम नाक दिसले. नारिंगी आणि राखाडी, पुढे निमुळते, धुतल्यासारखे स्वच्छ. आवाज असा नव्हताच. एवढे मोठे धूड चोरपावलाने आले. सर्वांचे कॅमेरे चालू झाले. एकजण त्याच्या कपाळावरची काच किती मोठी आहे ते मोजू लागला. रुपेशने आखणीविषयीचे मत मागे घेतले. समोरून बरं हाय, म्हणाला, फोटोवाल्याने खालून काढून वाट लावली. देसाई पाठमोरे उभे होते. थोड्या वेळाने तिरपे उभे राहिले.

प्रमिलेने हात वर केला. आतल्या चालकाने हात हलवला, पण काच खाली आली नाही. आत थंड हवेचे यंत्र असते, खिडक्या बंदच ठेवतात. डिझेलवाला कोपर बाहेर टाकून बसायचा, विचारपूस करायचा, कोणी चहा दिला तर घ्यायचा. चालकाला उन्हाचा त्रास नाही हे चांगलेच, पण आता तो दुकानाच्या काचेतल्यासारखा दिसतो, असे संदेश म्हणाला. या एका गोष्टीवर देसाईंसह सर्वांचे एकमत झाले.

मग सिग्नल पडला. बोलणे थांबले. दहाबारा माणसे माना किंचित कलत्या करून उभी राहिली, देवळात घंटेनंतर राहतात तशी. गाडी हलली आणि तो सूर आला. मी तो नीट ऐकला. बारीक होता, पण किरटा नव्हता. थोडा वेळ एका जागी थांबे, मग वरच्या पायरीवर जाई, पुन्हा थांबे. शेवटची चढण लांब होती. मग चाकांच्या खडखडाटात मिसळून गेला.

प्रमिलेनेही मान कलती केली होती. तिने रुपेशकडे पाहिले, त्याने डोळे मिटले होते. देसाईंकडे पाहिले, तर ते वळून समोर पाहत होते. मग तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत प्रश्न नव्हता. मी खुर्ची घडी केली.

सगळे एकदम बोलू लागले. नावे सुचवणे नियमात बसत नाही, तरी सुचवली. एकजण 'वीज' म्हणाला, दुसरा 'केशर'. देसाई म्हणाले, 'मिक्सर' ठेवा. त्यांनी एक फोटो काढला होता. चुकून बोट दाबले गेले, असे त्यांचे स्पष्टीकरण. काकू संध्याकाळी संदेशच्या शेतावर पोपटीच्या वेळी नाव सांगणार, असे रुपेशने जाहीर केले. प्रमिला हसली.

कुंडलिका नदीच्या पुलावर आम्ही थोडे मागे राहिलो. तिने विचारले, "कसा होता?"

मी म्हणालो, बारीक होता. वर चढत होता. चढताना थांबत होता.

"आणखी?"

आयुष्यभर मी मापेच तपासली. या वस्तूचे माप माझ्याजवळ नव्हते. ती पुढे चालू लागली. पूल ओलांडल्यावर म्हणाली, की काहीतरी नाव सांगून टाकणे अवघड नाही. 'वीज' चांगले आहे. पण ऐकल्याशिवाय नाव ठेवायचे तर तिच्या आधीच्या नावांनाही अर्थ राहत नाही.

वरसे

पोपटी म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला सांगावे लागेल. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेतावर हा बेत होतो. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. हे रानात उगवणारे उग्र वासाचे झुडूप आहे. त्यावर शेंगा, बटाटे, वांगी, ओवा आणि जाडे मीठ. ज्यांना चालते त्यांच्या मडक्यात अंडी आणि कोंबडीही. तोंड पुन्हा पाल्याने घट्ट बंद करतात, मडके जमिनीवर उपडे ठेवतात आणि भोवती पेंढा व गोवऱ्या पेटवतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. आमच्या हुरड्याचा हा धाकटा भाऊ म्हणता येईल, पण अंगापिंडाने अधिक भरलेला.

संदेशचे शेत घराला लागून आहे. एके काळी ते गावाबाहेर होते. आता तीन बाजूंनी इमारती आल्या आहेत आणि गच्चीवरून माणसे पोपटी पाहतात. सूर्य बुडता बुडता जाळ पेटला. संदेशची आई सर्वांवर देखरेख करीत होती. ती प्रमिलेच्याच वयाची असावी. तिचा आवाज पुरुषासारखा भरदार आहे. "बैलांवर ओरडून ओरडून असा झाला गो," असे तिने स्वतःच सांगितले. प्रमिला तिच्याशी फार मोकळेपणाने बोलत होती. का, ते मला कळत होते. संदेशच्या पत्नीचा आवाज नाजूक आहे. तिने तीनदा चहा विचारला आणि तिन्ही वेळा मी उत्तर दिले. पापडांचा चुरा आमटीत गेला.

पोपटी झाली की नाही, हे पाहण्याची त्यांची एक रीत आहे. जाळ बसल्यावर तापलेल्या मडक्यावर ओंजळीने पाणी शिंपडतात. लगेच 'चर्र' असा कडक आवाज आला तर झाली. मंद आला तर अजून पेंढा. हा शब्द पाहुण्यांतल्या वडील बाईने द्यायचा, असा त्या घरचा परिपाठ आहे. संदेशच्या आईने तांब्या प्रमिलेच्या हाती दिला.

मी उठणार होतो. तिने मला नजरेने बसवले.

तिने पाणी शिंपडले. आवाज असा आला की पलीकडचा कुत्रा उठून उभा राहिला. वाफ वाऱ्याने दुसऱ्या बाजूला गेली. प्रमिला वाकून मडक्याकडे पाहत राहिली, पुन्हा थोडे पाणी टाकले, पुन्हा तसाच आवाज आला. मग ती म्हणाली, "अजून थोडी राहिली आहे."

संदेशने आईकडे पाहिले. रुपेश हसू लागला होता. काकू चेष्टा करते असे त्याला वाटले असावे. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि थांबला.

प्रमिलेने तांब्या खाली ठेवला. पदराने हात पुसले. भूगोलाचा धडा सांगावा तशा आवाजात तिने सांगितले की तिला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मडक्याचा आला नाही. सकाळचा इंजिनाचाही आला नाही. ती म्हणाली, "त्यामुळं नाव मी ठेवू शकत नाही. देसाई, माझ्यानंतर तुम्ही वडील. तुम्ही ठेवा."

देसाई उभे राहिले. म्हणाले, "मी? मी विजेच्या इंजिनाला नाव ठेवणार नाही." आणि बसले. मला त्यांच्याविषयी त्या क्षणापासून आदर आहे.

रुपेश म्हणाला, "काकू नाय त नाव नाय. बिननावाचं फिरू दे."

प्रमिला म्हणाली की नव्याने आलेल्याला असे बिननावाचे फिरवू नये. त्यात त्याचा दोष नाही. आणि तिने हेही सांगितले की पुढच्या वेळेपासून ती येणार नाही. मेळाव्यात मान कलती करून उभे राहण्याचे नाटक तिला एकदाच जमले, पुन्हा जमणार नाही. नाराजी नव्हती. सेवानिवृत्तीच्या दिवशी किल्ल्या सोपवतात तसे ती सांगत होती.

संदेशच्या आईने तोवर काठीने मडके सुलटे केले होते. शेंगांची वाफ सगळीकडे पसरली. पहिली मूठ तिने प्रमिलेच्या ताटात घातली आणि शेजारी, उजवीकडे, येऊन बसली.

"मला दिसत नाय," ती म्हणाली. "सुईत दोरा ओववत नाय. म्हनून मी गोधडी सोडली काय? सून ओवून देते, मी टाके घालते. तुला ऐकू येत नाय त नाय. तुझा मानूस हाय ना? त्याचे कान कशाला ठेवलेत?"

सगळे हसले. प्रमिलाही हसली. मी शेंग सोलत होतो, ती सोलत राहिलो. पोपटी उत्तम झाली होती. ओव्याचा आणि त्या रानपाल्याचा वास बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला.

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी ज्या गाडीने परतायचे होते तिला तेच इंजिन होते. खाली कोकणात जाऊन ते परत आले होते. रुपेश पेणपर्यंत आणि देसाई पनवेलपर्यंत आमच्याबरोबर होते. आम्ही इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात बसलो. डबा भरलेला होता. समोर देसाई, रुपेश आणि रोह्याचे एक कुटुंब, वर आंब्याच्या रोपांच्या कुंड्या, वाटेत भाजीच्या पाट्या. प्रमिला खिडकीशी, मी तिच्या उजवीकडे.

संदेशची आई फलाटावर आली होती. तिने शेंगांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि माझ्याकडे पाहिले.

गाडी हलली. पुढून तो सूर आला. देसाई आणि रुपेश बोलता बोलता गप्प झाले. प्रमिला बाहेर पाहत होती. गाडी सुटली हे तिला फलाट मागे जाऊ लागला तेव्हा कळले असावे.

मी तिच्या उजव्या कानाजवळ वाकलो आणि तो सूर काढला. माझा आवाज जाड आहे. इंजिन जेथे होते तेथे मी पोचणे शक्य नव्हते. मी पुष्कळ खालून धरला. ते थांबले तेथे थांबलो, चढले तेथे चढलो. समोरच्या बाईने मुलाला जवळ ओढले. भाजीवाला वळून पाहू लागला. शेवटची चढण लांब होती आणि माझा श्वास पुरला नाही.

प्रमिला हलली नाही. गाडीने वेग घेतला. मग तिने विचारले, "एवढंच?"

मी म्हणालो, एवढेच.

देसाई समोरून म्हणाले, "नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एक छोटी पायरी आहे. ती तुम्ही गाळलीत."

रुपेश म्हणाला की तशी पायरी नाही, ती सुरुवातीला आहे. दोघांची जुंपली. देसाईंनी बोटांनी हवेत पायऱ्या काढून दाखवल्या. विजेच्या इंजिनाचा सूर त्यांना पायरीसह पाठ झाला होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही. आम्हीही आणून दिले नाही.

नागोठण्याच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली. डबा शांत झाला. प्रमिलेने खिडकीकडून मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि वाट पाहू लागली. देसाईंनी हाताने 'आता' अशी खूण केली. गाडी सुटली. मी पुन्हा सूर धरला. छोटी पायरी होती. देसाईंचे बरोबर होते. या वेळी श्वास पुरला.

प्रमिलेने डोळे मिटले होते. उघडून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "वसूला झोपवताना तुम्ही हेच करायचात."

वसुधा आमची मुलगी. आता नागपूरला असते. तिची मुले कॉलेजात आहेत. लहानपणी तिच्या पोटात कळा येत. मी तिला खांद्यावर घेऊन पुढच्या खोलीत फेऱ्या घालीत असे, आणि घशातून एक आवाज काढीत असे. त्याने मूल शांत होई. त्याला गाणे म्हणता येणार नाही. दार लावून घेत असे.

दार लावलेले असायचे, असे मी म्हणालो.

"फळ्यांचं दार होतं," प्रमिला म्हणाली. "मी पलीकडे जागीच असायचे."

मग ती रुपेशकडे वळली. नाव सांगते, म्हणाली. 'अंगाई'.

रुपेशने ते एकदा हळू म्हणून पाहिले. देसाई म्हणाले, इंजिनाला? एवढ्या मोठ्या? मग दाढीवरून हात फिरवला आणि फोन काढून मंडळाला कळवू लागले. रुपेशने टोकले, काय वो देसाई, नाव तुमी नव्हता ना ठेवणार? मी ठेवत नाही, कळवतो आहे, असे देसाई म्हणाले.

पेण आले. रुपेश उतरला आणि बाहेरून खिडकीशी आला. प्रमिलेला नीट ऐकू जावे म्हणून त्याने मुद्दाम आवाज जाड केला होता. पावसाळा संपला की मंडळ जमेल, म्हणाला, कुठे ते ठरायचे आहे. "काकू, येशील ना गो?"

प्रमिलेने माझ्याकडे पाहिले.

मी रुपेशला सांगितले की आम्हाला दोघांना वेळ आहे. ठिकाण आधी कळवावे. गाडी सुटत होती. मी खिडकी सोडून तिच्या कानाशी वाकलो.